एपॉक्सीच्या लेपाने त्रिमितीय छपाई: ठाण्याच्या हवेत जमवलेली पद्धत

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या गाळ्यात तारेची वेटोळी वार्निशमध्ये बुडवून ७० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सुकवली जातात. ती सुकत असताना सरळ धरून ठेवणारी चौकट मी प्रथम नेहमीच्या प्रिंटरवर पीएलएमध्ये छापली होती आणि ती पहिल्याच फेरीत वाकली. यात पीएलएचा दोष नव्हता, कारण हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि ही गोष्ट मला आधीच ठाऊक असायला हवी होती. गाळ्यातल्या कपाटात दोन डब्यांत एपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर पडून होते. त्यांच्यापासून बनलेली वस्तू उष्णतेने नरम झाली तरी वितळून वाहत नाही. मग हेच चिकटद्रव्य थेट छापता येईल का, या प्रश्नातून पुढे जी पद्धत जमत गेली ती येथे क्रमाने मांडली आहे. ज्यांना साधा प्रिंटर चालवण्याचा सराव आहे आणि चिकटद्रव्ये हाताळण्याची सावधगिरी आहे, त्यांना ती करून पाहता येईल.

पीएलए किंवा एबीएस हे थर्मोप्लास्टिक आहेत. ते गरम केल्यावर पातळ होतात, थंड झाल्यावर आळतात, आणि हे कितीही वेळा करता येते. एपॉक्सी हे थर्मोसेट आहे: त्यातील रेणूंची एकमेकांत जाळी विणली गेली की ती वाळलेल्या मातीसारखी पुन्हा भिजवता येत नाही, भाजलेल्या विटेसारखी कायमची होते. प्रकाशाने घट्ट होणारी छपाईची रेझिने हीसुद्धा थर्मोसेटच आहेत, परंतु त्यांत आतपर्यंत प्रकाश पोहोचावा लागतो. गडद भुकटी किंवा तंतू घातलेल्या मिश्रणात तो पोहोचत नाही. म्हणून येथे केवळ वेळेने आणि उष्णतेने पक्क्या होणाऱ्या, दोन भागांच्या एपॉक्सीचाच विचार केला आहे.

नेहमीच्या छपाईत नोझलमधून बाहेर पडलेली रेघ काही सेकंदांत थंड होऊन आकार धरते. एपॉक्सीत ही सोय नाही. रेघ पडल्यापासून ती खरोखर घट्ट होईपर्यंत दहा-बारा तास जातात आणि तेवढा वेळ तिला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. ज्यांनी घरी चकली पाडली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. भाजणी सैल भिजली तर चकलीचे काटे मोडून ती सपाट होते, घट्ट भिजली तर सोऱ्या फिरत नाही आणि चकली तुटते. चकलीचा आकार सोऱ्या राखत नाही, कणीक राखते, आणि तळण नंतर येते. एपॉक्सीची छपाई हीच आहे, फक्त तळणाच्या जागी भट्टी असते. त्यामुळे या पद्धतीत यंत्रापेक्षा लेपाकडे, म्हणजे छापायच्या दाट एपॉक्सी मिश्रणाकडे, आणि लेपापेक्षाही त्या दिवशीच्या हवेकडे अधिक लक्ष द्यावे लागते, असे माझे मत झाले आहे.

लेप

हवा तो लेप दाबले असता वाहतो आणि दाब काढताच थबकतो. ठराविक जोरापर्यंत तो घन पदार्थासारखा वागतो आणि त्या जोरापलीकडे द्रवासारखा. हा जोर किती असावा याचा हिशेब अवघड नाही. भरणद्रव्यासह, म्हणजे आत मिसळलेल्या पुडींसह, एपॉक्सीची घनता एका घन सेंटिमीटरला साधारण १.२ ग्रॅम धरली, तर ३० मिलिमीटर उंच भिंतीच्या तळावर तिच्याच वजनाने सुमारे ३५० पास्कल दाब येतो. भिंत ढासळू नये म्हणून कागदावर याच्या निम्मा जोरही पुरतो, परंतु टेबलाचे हादरे, थरांतील खाच आणि हळूहळू होणारी बसकण लक्षात घेता मी पूर्ण ३५० पास्कलच धरतो. हा जोर मोजण्याचे यंत्र महाग असते, म्हणून पुढे सांगितलेल्या दोन घरगुती चाचण्यांवर भागवावे लागते.

आमच्या कृतीत १०० ग्रॅम साध्या द्रव एपॉक्सी रेझिनला ३२ ग्रॅम पॉलिइथर अमीन जातीचा संथ हार्डनर पडतो. हे प्रमाण अंदाजाने ठरवायचे नसते. रेझिनच्या माहितीपत्रकात एपॉक्सी तुल्यभार (जोडणी करणाऱ्या एका गटामागे किती ग्रॅम रेझिन) दिलेला असतो, जो या जातीच्या रेझिनमध्ये १९० च्या आसपास असतो, आणि हार्डनरच्या पत्रकात तसाच अमीन हायड्रोजन तुल्यभार असतो, जो आमच्या हार्डनरचा ६० आहे. साठला एकशे नव्वदने भागून शंभरने गुणले की १०० ग्रॅम रेझिनला लागणारा हार्डनर ग्रॅममध्ये मिळतो. हार्डनर बदलला की आकडा पुरता बदलतो. ट्रायएथिलीन टेट्रामाइन वापरल्यास याच हिशेबाने जेमतेम १३ ग्रॅम लागतात. मात्र तो इतका झपाट्याने काम करतो की छपाईला वेळच उरत नाही. येथे हार्डनर जास्त घातला म्हणजे वस्तू लवकर आणि अधिक घट्ट होते ही समजूत सोडून द्यावी. जास्तीचे अमीन जाळीत कोठेच न बसता तसेच राहते आणि वस्तू मऊ व चिकट राहते. वजन ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावरच करावे.

लेपाला उभे राहण्याची ताकद देते ती फ्यूम्ड सिलिका, म्हणजे धुरासारखी हलकी, अतिसूक्ष्म कणांची सिलिका. हिच्या साध्या आणि जलरोधक अशा दोन जाती मिळतात आणि एपॉक्सीसाठी जलरोधक जातच घ्यावी. साध्या जातीने रेझिन लगेच दाट होते खरे, परंतु अमीन हार्डनर पडताच तो दाटपणा ओसरतो आणि संध्याकाळी उभी केलेली भिंत सकाळी गादीसारखी पसरलेली दिसते. मी हा धडा दोनदा घेतला, कारण पहिल्या वेळी दोष लेप जिच्यातून बाहेर पडतो त्या सुईला दिला होता. वरील १३२ ग्रॅम मिश्रणाला १० ग्रॅमपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे १३ ग्रॅमपर्यंत जावे. दहा ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही भुकटी इतकी फुगीर असते की तेवढ्याने जवळपास २०० मिलिलिटरचे भांडे भरते, आणि पंखा चालू असेल तर त्यातली निम्मी गाळ्यात उडते. ती श्वासात जाऊ नये म्हणून एन ९५ दर्जाचा मुखपट्टा लावूनच डबा उघडावा.

यांशिवाय ३० ते ४० ग्रॅम शंखजिऱ्याची बारीक पूड घातल्यास घट्ट होताना निघणारी उष्णता आणि आकुंचन दोन्ही कमी होतात आणि खर्चही वाचतो. ताकद हवी असल्यास काही भाग दळलेल्या काचतंतूंचा घालावा. सुईतून जाताना हे तंतू रेघेच्या दिशेने आडवे होतात, त्यामुळे वस्तू त्या दिशेने अधिक ताठ होते. याच गुणाचा उपयोग करून २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तंतुयुक्त एपॉक्सीतून बाल्सा लाकडासारखी हलकी, पोकळ कोशांची रचना छापून दाखवली होती. त्यांनी उष्णतेनेच जागा होणारा हार्डनर वापरला होता, त्यामुळे त्यांच्या लेपाला घाई नव्हती. आपल्या लेपाला ती आहे. भरणद्रव्य कोणतेही असो, सुईचे छिद्र त्यातील सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दहापट असावे, नाहीतर कण कमानीसारखे एकमेकांत अडकून सुई बुजते.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम केवळ रेझिन ५० अंशांपर्यंत कोमट करावे, म्हणजे ते पातळ होऊन सिलिका नीट भिजते. त्यात सिलिका तीन-चार हप्त्यांनी घालून कमी वेगाच्या ड्रिलला लावलेल्या पात्याने गुठळ्या मोडेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, घोटावे आणि नंतर शंखजिरे घालावे. हा पाया आदल्या दिवशी करून झाकून ठेवला तरी चालतो, किंबहुना तसाच करावा, कारण व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातील हवा काढायला वेळ मिळतो. हार्डनर मात्र पाया खोलीच्या तापमानाला आल्यावर, छपाईच्या अगदी आधी, सपाट पट्टीने दाबून दाबून मिसळावा आणि फेटू नये. फेटल्याने शिरलेले बुडबुडे या लेपातून वर येऊ शकत नाहीत, कारण जो लेप भिंत तोलून धरतो तो बुडबुडाही तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो.

चाचणी दोन प्रकारे करावी. पुढचे तोंड कापलेल्या छोट्या सिरिंजमधून २० मिलिमीटर उंचीचे नळकांडे काचेवर काढून उभे करावे. दहा मिनिटांत ते एक मिलिमीटरहून अधिक बसले तर आणखी एक ग्रॅम सिलिका घालावी. दुसऱ्या चाचणीत काचेवर आडवी रेघ ओढून काच भिंतीला उभी टेकवावी आणि अर्ध्या तासाने रेघ खाली सरकली आहे का ते पाहावे. पट्टीने ओढलेले टोक चक्क्यासारखे उभे राहिले पाहिजे, श्रीखंडासारखे वळून पडता कामा नये.

हवा

उन्हाळ्यात येथे गाळ्याच्या पत्र्याखाली पारा ३५ अंशांच्या वर जातो. एपॉक्सीची अभिक्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, त्यामुळे माहितीपत्रकातील २५ अंशांचा हात चालवण्याचा वेळ मे महिन्यात निम्म्यावर येतो. त्यातच अभिक्रिया स्वतः उष्णता निर्माण करते. एका मे महिन्यात मी जलद हार्डनरचे २०० ग्रॅम मिश्रण खोल पेल्यात ठेवून चहाला गेलो आणि परतलो तेव्हा पेला धुरत होता. मिश्रण नेहमी पसरट थाळीत ठेवावे, एका वेळी सिरिंजला पुरेल एवढेच करावे, आणि उन्हाळ्यात पाया आधी थंड जागी ठेवून मगच हार्डनर घालावा.

पावसाळ्याची अडचण वेगळी असते आणि ती लवकर ध्यानात येत नाही. जुलैत ठाण्याच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८५ टक्क्यांच्या पुढे असते. अमीन हार्डनर हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून पृष्ठभागावर मेणासारखा, तेलकट पापुद्रा तयार करतो. छपाई सलग चालू असेल तर तो फारसा बाधत नाही, पण वीज गेली किंवा सिरिंज बदलायला वेळ लागला की मधल्या थरावर हा पापुद्रा धरतो. त्यावर पडणारा पुढचा थर वरवर चिकटलेला वाटतो आणि नंतर तिथूनच उकलतो. माझी एक अख्खी चौकट बरोबर मधोमध दोन सुबक भागांत वेगळी झाली होती. तोडलेल्या जागी दोन्ही बाजू गुळगुळीत आणि चकचकीत दिसल्या, तर कारण बहुधा हेच असते.

उपाय साधा आहे. प्रिंटरभोवती पारदर्शक प्लास्टिकचे बंदिस्त घर करून त्यात आर्द्रताशोषक यंत्र किंवा भाजून कोरडे केलेले सिलिका जेलचे दोन-तीन किलो ठेवावे आणि आर्द्रतामापक पन्नासच्या खाली आल्याशिवाय छपाई सुरू करू नये. फ्यूम्ड सिलिका आणि शंखजिरे हेही ओलावा धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर ते दोन्ही ११० अंशांवर दोन तास सुकवून हवाबंद डब्यात भरावे. मधेच काम थांबून पृष्ठभाग घट्ट झालाच, तर पापुद्रा कोमट पाणी आणि खरबरीत फडक्याने धुवावा, वस्तू पूर्ण सुकवावी, पॉलिश पेपर मारावा आणि मगच पुढे छापावे. पापुद्रा पाण्यात विरघळतो. ॲसिटोनने पुसल्यास तो केवळ पसरतो.

यंत्र

जुन्या प्रिंटरचे गरम नोझल काढून त्या जागी सिरिंज बसवता येते. लेप ढकलण्याचे दोन मार्ग आहेत: स्क्रूने दट्ट्या दाबणे किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरणे.

हवेचा मार्ग स्वस्त वाटतो, कारण गाळ्यांत कॉम्प्रेसर असतोच. यासाठी औद्योगिक डिस्पेन्सिंगची, दाब सहन करणारी सिरिंज आणि तिच्या आत बसणारा स्वतंत्र दट्ट्या लागतो. औषधाच्या दुकानातील सिरिंजला कधीही हवेचा दाब देऊ नये. दाब ६ बारच्या आत ठेवावा आणि कॉम्प्रेसरनंतर पाणी अडवणारा फिल्टर असावाच, नाहीतर पावसाळ्यात हवेबरोबर पाणीही सिरिंजमध्ये येते. हवेच्या दाबात मोठी उणीव अशी की लेप दाट होत गेला की त्याच दाबाला प्रवाह घटत जातो आणि प्रिंटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून मला स्क्रूचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. तीस मिलिलिटरच्या सिरिंजचा आतील व्यास सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे छेद ३८० चौरस मिलिमीटर होतो. १.२ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर उंच रेघ सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने ओढायची असेल, तर सेकंदाला साधारण ९.६ घन मिलिमीटर लेप लागतो आणि दट्ट्या सेकंदाला फक्त ०.०२५ मिलिमीटर सरकतो. प्रिंटरमध्ये सर्रास मिळणारा ८ मिलिमीटर आट्याचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढे पुढे सरकवणारा, स्क्रू यासाठी फार भरड आहे. २ मिलिमीटर आट्याचा स्क्रू आणि शक्य असल्यास पाचास एक गिअर असलेली मोटर वापरावी. याच हिशेबातून आणखी एक उपयोगी आकडा मिळतो: पूर्ण भरलेली सिरिंज जवळपास ५२ मिनिटे पुरते. लेप भरणे, पहिला थर जमवणे आणि शेवटची धावपळ धरून हार्डनर निदान दोन तास वेळ देणारा असलाच पाहिजे. बाजारातील पाच मिनिटांत पक्की होणारी एपॉक्सी येथे अजिबात कामाची नाही. जोडनळीच्या मिक्सर नोझलमधून ती छापू असे अनेकांना सुचते, मलाही सुचले होते. क्षणभर थांबले की नोझल दगड होते.

सुई धातूच्या सरळ नळीऐवजी निमुळत्या प्लास्टिकची घ्यावी, कारण तिला बराच कमी दाब पुरतो. या सुया रंगावरून ओळखल्या जातात: राखाडी १.२ मिलिमीटर, हिरवी ०.८४ मिलिमीटर, गुलाबी ०.६ मिलिमीटर. सुरुवात राखाडीनेच करावी. सिरिंज मागच्या बाजूने भरावी, लेप लांब पट्टीने भिंतीला दाबत तळापर्यंत न्यावा आणि अधूनमधून सिरिंज टेबलावर आपटावी. आत राहिलेला हवेचा एक मोठा बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो. त्यामुळे रेघ उशिरा सुरू होते, थांबायला सांगितल्यावरही लेप गळत राहतो, आणि आपण विनाकारण सॉफ्टवेअरमधले आकडे बदलत बसतो.

प्रिंटर चालवणारी आतली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, मार्लिन असेल तर थंड नोझलने मोटर फिरू द्यायला एम३०२ पी१ ही आज्ञा द्यावी लागते. स्लायसरमध्ये, म्हणजे आकृतीचे थर पाडून प्रिंटरच्या आज्ञा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फिलामेंटचा (नेहमीच्या प्लास्टिक तारेचा) व्यास म्हणून सिरिंजचा आतील व्यास, म्हणजे २२, लिहिला की पुढचे गणित तो स्वतः करतो. थराची उंची सुईच्या छिद्राच्या ६० ते ७० टक्के ठेवावी. पंखा बंद, टेबल थंड, आणि लेप मागे ओढण्याचा पर्याय शून्य किंवा अगदी कमी असावा, कारण दाट लेप मागे ओढला जात नाही, फक्त हवा आत शिरते. शक्य तेथे वस्तू एकाच अखंड रेघेत छापता येईल अशी आखावी. उभ्या भिंतीपासून तीस अंशांपेक्षा जास्त कललेला भाग आणि दहा मिलिमीटरपेक्षा लांब पूल, म्हणजे खालून आधार नसलेल्या रेघा, टाळावे. आधाराचे खांब छापू नयेत, ते वस्तूशी कायमचे जोडले जातात.

प्रत्यक्ष छपाईपूर्वी एक मिनिट लेप काट्यावर सोडून वजन घ्यावे. वरील वेगाने सुमारे ०.५८ मिलिलिटर, म्हणजे ०.७ ग्रॅमच्या आसपास लेप पडला पाहिजे. फरक असेल त्या प्रमाणात प्रवाहाचा गुणक बदलावा. हवेच्या दाबावर काम करणाऱ्यांनी ही तपासणी दर वीस मिनिटांनी करावी. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल तर लेपाची वेळ संपत आली आहे असे समजून नवी सिरिंज भरावी.

काचेवर थेट छापू नये. एपॉक्सी मुळात चिकटद्रव्य आहे: पिएर कास्तां या स्विस रसायनशास्त्रज्ञाने ती दातांच्या कवळ्यांसाठी विकसित केली होती, पण १९४६ पासून ॲराल्डाइट या नावाने ती जगभर गेली ती डिंक म्हणून. काचेवर छापलेली वस्तू काचेसकटच उचलावी लागते. टेबलावर पीटीएफई (टेफ्लॉन) चढवलेले काचकापड किंवा पॉलिप्रोपिलिनची सपाट शीट ताणून बसवावी आणि पक्की झालेली वस्तू शीट वाकवून काढावी.

पहिला थर सुई थोडी खाली ठेवून, निम्म्या वेगाने घालावा. त्यानंतर रेघेकडे पाहत राहावे. रेघ सुईला चिकटून वर खेचली जात असेल तर सुई उंच आहे, दोन्ही कडांना वरंबे येत असतील तर सुई खाली आहे किंवा लेप जास्त येतो आहे, आणि रेघ तुटक येत असेल तर आधी बुडबुड्याचा संशय घ्यावा. एका बैठकीत पुरी झालेली वस्तू थरांच्या सांध्यातही जवळजवळ तितकीच मजबूत असते, कारण सगळे थर ओले असतानाच त्यांच्यातून एकच जाळी विणली जाते. पीएलएच्या वस्तू थरांमध्येच उकलतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फरक पहिली वस्तू हाताने मोडताना जाणवेल.

भट्टी

घाई करून ओली वस्तू भट्टीत ठेवली तर ती आधी पातळ होते आणि मग घट्ट, म्हणजे पसरलेल्या रूपात कायमची. म्हणून प्रथम रात्रभर बंदिस्त घरातच राहू द्यावी. छपाईच्या वेळी त्याच लेपाचा एक गोळा बाजूला ठेवावा आणि सकाळी वस्तूऐवजी त्या गोळ्याला टोचून पाहावे. काडीला तार येत असेल तर थांबावे, काडी नुसती ठसा उमटवत असेल तर पुढे जावे.

त्यानंतर ६० अंशांवर दोन तास, ८० अंशांवर दोन तास आणि १२० अंशांवर दोन तास असे टप्पे घ्यावेत, मधली चढण मिनिटाला एक अंशापेक्षा वेगाने नसावी, आणि शेवटी भट्टी बंद करून वस्तू आतच गार होऊ द्यावी. रेझिन नुसत्या खोलीच्या तापमानाला पक्के केले तर ते तेवढ्यापुरतेच पक्के होते आणि पन्नास-साठ अंशांवरच नरम पडू लागते. भट्टीतून गेल्यावर ही मर्यादा या कृतीत नव्वद अंशांच्या आसपास जाते, म्हणजे आमच्या सत्तर अंशांच्या कामाला पुरून उरते. दीडशे अंशांवर टिकणारी वस्तू हवी असेल त्यांना वेगळा हार्डनर आणि अधिक तापमानाची भट्टी लागेल.

जुना ओटीजी ओव्हन या कामाला चालतो, मात्र त्याच्या बटणावरील आकड्यांवर विश्वास न ठेवता तापमान मोजणारे के प्रकारचे थर्मोकपल वस्तूशेजारी लावावे. तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. वस्तू पक्की झाली की नाही हे ॲसिटोनमध्ये भिजवलेला बोळा अर्धा मिनिट घासून समजते: पृष्ठभाग चिकट झाला तर अजून कसर आहे. शोअर डी कठिणतामापक मिळत असल्यास त्यावर आकडा ८० च्या वर आला पाहिजे.

रबाळे-महापे पट्ट्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या कामांशी संबंध असणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. सर्किट बोर्डावर सुटे भाग चिकटवण्याची लाल गोंद ही एका भागाची, उष्णतेने पक्की होणारी एपॉक्सीच असते आणि ती मुळात सुईतून ठिपके टाकण्यासाठी दाट केलेली असते. हार्डनर आधीच मिसळलेला असून तो थंडीत निजलेला असतो, त्यामुळे ना वजन करावे लागते ना घाई. ती फ्रिजमधून काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दव जमते. महागडी असल्याने आणि जाड भागात तापताना ढळत असल्याने ती तीन-चार मिलिमीटर जाडीच्या लहान वस्तूंपुरतीच ठेवावी.

हात आणि कचरा

न पिकलेली एपॉक्सी आणि विशेषतः अमीन हार्डनर यांची त्वचेला ॲलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जात नाही. पुढे नुसत्या वाफेनेही पुरळ उठते आणि हे काम कायमचे सोडावे लागते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, ते अर्ध्या तासाने बदलावेत आणि चष्मा लावावा. त्वचेवर लेप लागल्यास साबण आणि पाण्याने धुवावा. ॲसिटोनने हात पुसण्याची गाळ्यांतली सवय सर्वांत वाईट, कारण त्वचेवरील तेल निघून जाते आणि रेझिन आत शिरायला मोकळी वाट मिळते.

सिरिंज आणि सुई धुण्याच्या फंदात पडू नये. सुई टाकून द्यावी, सिरिंजमध्ये उरलेला लेप कागदावर पातळ पसरून वस्तूबरोबरच भट्टीत घालावा. पूर्ण पक्का झालेला तुकडा निरुपद्रवी घन कचरा होतो. मळकट ॲसिटोन आणि उरलेला हार्डनर मोरीत ओतू नये, येथील नाले शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळतात आणि रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा तो खाडीचा भाग २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. हे द्रव झाकणाच्या डब्यात साठवून, डब्यावर आत काय आहे ते लिहून, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत वाहकाकडे द्यावेत. तळोजा औद्योगिक वसाहतीत अशा कचऱ्याची सामायिक विल्हेवाट होते. आमच्या गाळ्यात वर्षाकाठी जेमतेम पाच लिटरचा एक डबा भरतो. एवढ्यासाठी स्वतंत्र फेरी परवडत नाही, म्हणून शेजारच्या रंगकाम करणाऱ्या गाळ्याच्या डब्यांबरोबर तो पाठवण्याची व्यवस्था आम्ही वाहकाशी आधीच बोलून, कागदपत्रांवर नोंद करून ठेवली आहे.